आरोग्यविषयक पाहणी आणि लोकांचे शब्द

बांगलादेशातील ‘ब्रॅक’ या स्वयंसेवी संस्थेने १९७९ साली हगवणीने दगावणाऱ्या बालकांसाठी एक मोहीम हाती घेतली. औषध अगदी साधे होते. तीन बोटांच्या चिमटीत मावेल इतके मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. या मिश्रणामागील शास्त्र सिद्ध झालेले होते. ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत १९६८ साली तोंडावाटे द्यावयाच्या द्रावणाची उपयुक्तता दिसून आली होती. पुढे १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच तत्त्व वापरले, तेव्हा तेथील पटकीच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले होते. आता प्रश्न होता तो हे ज्ञान प्रत्येक घरातील आईपर्यंत नेण्याचा. ब्रॅकच्या कार्यकर्त्या घरोघर जाऊ लागल्या, चुलीपाशी बसून आईला द्रावण तयार करण्यास शिकवू लागल्या आणि लक्षात ठेवावयाच्या दहा गोष्टी तिच्याकडून पाठ करवून घेऊ लागल्या.

मोहिमेची तपासणीही चोख होती. काही दिवसांनी दुसरा कार्यकर्ता त्यांपैकी काही घरांना भेट देई, आईला प्रश्न विचारी, तिच्याकडून द्रावण करवून घेई आणि त्यातील मिठाचे प्रमाण प्रयोगशाळेत तपासले जाई. आईला किती आठवते यावर शिकविणारीचा मेहनताना अवलंबून असे. निष्कर्ष समाधानकारक आले. बहुसंख्य मातांना दहाही गोष्टी पाठ होत्या आणि द्रावणही बरोबर जमत होते. कागदोपत्री मोहीम यशस्वी झाली होती.

परंतु प्रत्यक्ष हगवण झाली असता किती मुलांना हे पाणी पाजले जाते याची पाहणी झाली, तेव्हा सुरुवातीच्या भागात हे प्रमाण शंभरात दहासुद्धा भरेना.

आईला माहीत आहे, तिला करता येते, घरात मीठ आणि गूळ आहे आणि तरीही मूल आजारी पडले की ती ते पाजत नाही. असे का व्हावे? आणखी दहा हजार घरांची पाहणी केली असती तरी या ‘का’चे उत्तर मिळाले नसते. तोच आकडा अधिक बिनचूक होऊन हाती आला असता, एवढेच. संख्यात्मक माहिती येथे थांबते. लोक काय मानतात, कोणत्या शब्दांत बोलतात, कोणाच्या सांगण्यावरून निर्णय घेतात, कशाला भितात, ही जी माहिती मोजता येत नाही पण समजून घेता येते, तिला संशोधनाच्या परिभाषेत गुणात्मक माहिती म्हणतात. ती गोळा करणे हे मोजणी करण्याइतकेच शिस्तीचे काम आहे. मोजणीसाठी प्रशिक्षण लागते हे सर्वांस मान्य असते. ऐकण्यासाठीही ते लागते, हे मात्र अनेकांच्या गावी नसते.

एका शब्दाची किंमत

ब्रॅकचे संशोधक मुश्ताक चौधरी व त्यांचे सहकारी यांनी गावकऱ्यांशी बोलण्यास प्रारंभ केला, तेव्हा एक गोष्ट प्रकर्षाने पुढे आली. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने जो एक आजार होता, त्याचे गावकऱ्यांच्या लेखी चार आजार होते. ‘दूध हागा’ हा अंगावरच्या दुधामुळे तान्ह्या मुलास होणारा, ‘अजीर्ण’ हा खाण्यामुळे होणारा, ‘आमाशा’ म्हणजे आव पडणे आणि ‘डायरिया’ म्हणजे पाण्यासारखे जुलाब होऊन माणूस हातचा जावा असा भयंकर प्रकार. कार्यकर्त्यांनी शिकविताना हे पाणी ‘डायरिया’साठी आहे असे सांगितले होते. मातांनी ते तंतोतंत ऐकले. भयंकर जुलाब झाले असता त्या हे पाणी पाजतही होत्या. परंतु मुलांना होणाऱ्या आजारांपैकी बहुतेक वेळचे आजार उरलेल्या तीन प्रकारांत मोडत आणि त्यांसाठी या पाण्याचा काही उपयोग असतो असे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. चूक मातांची नव्हती. शिकविणाऱ्यांनी आपला शब्द त्यांच्या अर्थाने वापरलेला नव्हता.

चारांपैकी दोन शब्द मराठी वाचकांस ओळखीचे वाटतील, आणि हा प्रश्नही परका नाही. हगवण, जुलाब, ढाळ, संडास लागणे, आव पडणे, पोट बिघडणे हे शब्द आपल्याकडे सर्रास वापरले जातात, पण प्रत्येक गावात त्यांचा अर्थ एकच असेल असे नाही. दात येताना मुलाला जुलाब होतातच, ही समजूत तर खेड्यांत आणि शहरांतही सारखीच दृढ आहे. अशा आईला ‘गेल्या दोन आठवड्यांत मुलाला हगवण झाली होती का?’ असे विचारले तर ती प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल, कारण तिच्या लेखी तो आजार नसून वाढीचाच एक भाग असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशात हगवण झालेल्या पाच वर्षांखालील मुलांपैकी ६०.६ टक्के मुलांना जलसंजीवनी मिळाल्याचे आढळले. चौथ्या फेरीत हेच प्रमाण ५०.६ टक्के होते. सुधारणा निश्चित आहे. उरलेल्या शंभरातील सुमारे चाळीस मुलांना ती का मिळाली नाही, आणि मातांनी ‘हगवण’ म्हणून जी सांगितलीच नाही ती या हिशेबात कोठे बसते, हे मात्र घराघरांत बसून ऐकावे लागेल.

यास्तव पाहणीस निघण्यापूर्वीचे पहिले काम शब्दसंग्रहाचे असते. गावातील काही जाणत्या स्त्रियांना ‘लहान मुलांना येथे कोणकोणते आजार होतात?’ एवढेच विचारावे आणि त्या सांगतील ती नावे त्याच क्रमाने लिहून घ्यावीत. नंतर एकेका नावाविषयी कारण, ओळखण्याची खूण, कोणाकडे नेतात, काय देतात आणि काय देत नाहीत हे विचारावे. स्त्रियांच्या आजारांविषयी विचारताना तर ही पूर्वतयारी अनिवार्य ठरते. ‘प्रदर’ हा पुस्तकी शब्द कानावर पडताच बहुतेक स्त्रिया गप्प होतील. ‘अंगावरून जाते का?’ हा प्रश्न त्यांना समजेल, परंतु अंगावरून पांढरे जाते की लाल, हे स्पष्ट न विचारल्यास दोन निरनिराळ्या तक्रारी एकाच रकान्यात जाऊन पडतील.

विचारणारा कोण आहे

खुर्चीवर बसलेल्या माणसाला जमिनीवर बसलेला माणूस जे सांगतो, ते बहुधा त्या खुर्चीला सांगितलेले असते. शासनाच्या किंवा पंचायतीच्या नात्याने गावात जाणाऱ्यांनी ही मर्यादा प्रथम ओळखावयास हवी. प्रश्न विचारणारा शौचालयाच्या अनुदानाशी संबंधित आहे असे वाटले, की घरातील सर्वजण शौचालय वापरीत असल्याचे ऐकू येते. लस टोचणारी परिचारिकाच विचारीत असेल तर लसीविषयी कोणाचीही तक्रार नसते. आशा स्वयंसेविका आणि अंगणवाडी सेविका गावच्याच असल्याने त्यांना दारे सहज उघडतात हे खरे. परंतु त्यांच्याच कामाविषयीची माहिती त्यांनीच गोळा करू नये, हेही तितकेच खरे आहे.

जागा आणि वेळ यांचाही विचार करावा लागतो. सुनेला सासूसमोर, पत्नीला पतीसमोर आणि मजुराला मालकाच्या ओसरीवर मोकळेपणाने बोलता येत नाही. विहिरीवर, शेताच्या बांधावर किंवा दुपारी निवडण-टिपण चालू असताना जे बोलणे निघते, ते ग्रामपंचायतीच्या सभागृहात निघत नाही. पेरणीच्या व कापणीच्या दिवसांत घरातील माणसांची तासभर अडवणूक करणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय त्या वेळची उत्तरेही त्रोटक येतात.

बोलणे सुरू करण्यापूर्वी आपण कोण, कशासाठी आलो, या माहितीचे पुढे काय होणार आणि उत्तर देण्यास नकार दिल्यास कोणतीही योजना वा सवलत बंद होणार नाही, हे त्यांच्या भाषेत सांगितले पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत समजून-उमजून दिलेल्या संमतीवर भर आहे तो याचसाठी. केवळ अंगठा उमटवून घेणे म्हणजे संमती नव्हे. नाव न लिहिण्याचे वचनही विचारपूर्वक पाळावे लागते. दोनशे उंबऱ्यांच्या गावाविषयीच्या अहवालात ‘दोन मुले गमावलेली सरपंचांची थोरली सून’ असा उल्लेख केला, तर नाव गाळल्याचा काही उपयोग उरत नाही.

आणि मुलाखत चालू असताना मांडीवरचे मूल जुलाबांनी म्लान झालेले दिसले तर? येथे दुमत असण्याचे कारण नाही. वही बाजूला ठेवावी, द्रावण करून पाजण्यास मदत करावी आणि मुलास उपकेंद्रात पोचविण्याची व्यवस्था पाहावी. ती मुलाखत अपुरी राहिली तरी चालेल.

प्रश्न आणि मौन

नव्याने शिकणाऱ्या कार्यकर्त्याचा पहिला दोष म्हणजे उत्तर पोटात असलेला प्रश्न विचारणे. ‘मुलाला जुलाब झाल्यावर तुम्ही जलसंजीवनी देता ना, ताई?’ या प्रश्नास ‘हो’ याखेरीज दुसरे सभ्य उत्तर नाही. त्याऐवजी घडलेल्या एखाद्या प्रसंगापासून आरंभ करावा. ‘मागच्या पावसाळ्यात धाकट्याला बरं नव्हतं म्हणालात, तर तेव्हा काय काय झालं ते पहिल्यापासून सांगा.’ माणसाला सर्वसाधारण विधाने करताना आदर्श आठवतो, घडलेला प्रसंग सांगताना मात्र खरेच काय झाले ते आठवते.

दुसरा दोष मध्येच दुरुस्त करण्याचा. याला शिक्षक आणि आरोग्य कर्मचारी विशेष बळी पडतात, कारण शिकविणे हा त्यांचा धर्मच होऊन बसलेला असतो. पुढील संवाद नमुन्यादाखल पाहावा.

‘मग काय केलंत, मावशी?’

‘काय करणार? वरचं पाणी बंद केलं. पाणी दिलं की जास्तच होतंय.’

‘अहो, पाणी बंद करायचं नसतं! उलट जास्त द्यायचं असतं.’

‘हां, ते खरंच.’

येथे मुलाखत संपली. मावशींनी पुढे जे सांगितले असते ते आता त्या सांगणार नाहीत. यापुढे त्या कार्यकर्त्याला जे आवडेल तेच सांगतील. तोच प्रश्नकर्ता गप्प राहिला असता, किंवा ‘जास्त होतंय म्हणजे कसं?’ एवढेच म्हणाला असता, तर पाणी पाजल्यावर जुलाब थांबत नाहीत ही त्यांची खरी तक्रार बाहेर आली असती. ती तक्रार निराधारही नाही. जलसंजीवनी शरीरातून गेलेले पाणी व क्षार भरून काढते, ती जुलाब थांबवीत नाही. आईला मात्र जुलाब थांबलेले हवे असतात. जे औषध थांबवीत नाही त्याला ती औषध का मानील? मार्गदर्शन अवश्य करावे, परंतु मुलाखत पूर्ण झाल्यावर, वही मिटल्यानंतर.

तिसरी गोष्ट मौनाची. उत्तर देऊन माणूस थांबला की लगेच पुढील प्रश्न टाकण्याची घाई होते. मनातल्या मनात पाच अंक मोजावेत. पुष्कळदा खरे उत्तर त्या पाच अंकांच्या अवधीत येते. ‘आणि मग?’, ‘असं कोण म्हणालं?’, ‘तेव्हा घरात कोण कोण होतं?’ हे तीन लहानसे प्रश्न छापील प्रश्नावलीच्या चार पानांहून अधिक काम करतात. ‘का?’ हा प्रश्न मात्र जपून वापरावा. ‘दवाखान्यात का नेलं नाही?’ यात नकळत जाब विचारल्याचा सूर उमटतो. ‘दवाखान्यात न्यायचं की नाही, याचं घरात काय बोलणं झालं?’ असे विचारल्यास निर्णय कोणी घेतला, पैसे कोणापाशी होते, वाहन मिळत होते की नाही, हे सारे ओघाने येते.

टिपण

ऐकलेले लिहून ठेवण्याची सवय जितकी सोपी वाटते तितकी नाही. आई म्हणते, ‘पोरगं सुकलं, टाळू खाली बसली, मग आजीनं तेल भरलं.’ कार्यकर्ता लिहितो, ‘बालकास निर्जलीकरण झाले, घरगुती उपचार केले.’ वैद्यकीय दृष्ट्या टिपण चुकीचे नाही, पण माहिती हरवली. टाळू बसणे हे त्या घरात पाणी कमी पडल्याचे लक्षण मानले जात नसून स्वतंत्र दुखणे मानले जात असेल, तर उपाय तेलाचाच होणार आणि पाणी पाजण्याचे कोणाच्या मनातही येणार नाही. ही कडी आईच्या शब्दांत होती. अधिकाऱ्याच्या शब्दांत ती तुटली.

म्हणून वहीच्या पानाचे तीन भाग पाडण्याची पद्धत उपयोगी पडते. एका भागात बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे, दुसऱ्यात डोळ्यांनी पाहिलेले आणि तिसऱ्यात लिहिणाऱ्याचे स्वतःचे विचार. आपले मत तिसऱ्या रकान्यात मोकळेपणाने लिहिता आले, की पहिल्या रकान्यात ते शिरत नाही. ध्वनिमुद्रण करावयाचे असल्यास परवानगी घ्यावी, मात्र ध्वनिमुद्रण आहे म्हणून लिहिणे सोडू नये. हाताची हालचाल, सासू आत येताच बदललेला विषय, डोळ्यांत आलेले पाणी हे त्यात येत नाही. त्याच दिवशी रात्री टिपण पूर्ण करावे. दोन दिवसांनी लिहिलेले टिपण लिहिणाऱ्याच्या भाषेत असते.

गोंडी, कोरकू, भिली अशा भाषा बोलणाऱ्या भागांत दुभाष्याची गरज पडते. चांगला दुभाषी अनेकदा चांगुलपणामुळेच अडचण करतो. पाच मिनिटांच्या बोलण्याचे तो एका वाक्यात सार सांगतो, त्यातील देव, शपथा आणि शिव्या गाळतो आणि पाहुण्यापुढे आपल्या लोकांना शहाणे करून दाखवितो. त्याच्याकडून मूळ शब्द देवनागरीत लिहून घेऊन मग अर्थ विचारावा.

ऐकण्याबरोबर पाहणेही आले. जलसंजीवनीच्या पाकिटावर एक लिटर पाणी घ्यावे असे छापलेले असते. घरात लिटरचे माप असतेच असे नाही. तांब्या असतो, गडू असतो, पिण्याच्या पाण्याची जुनी बाटली असते. ‘कसे करता?’ असे विचारण्यापेक्षा ‘करून दाखवा’ म्हटले, की कोणते भांडे हाती येते, पाकीट सगळे रिकामे होते की चमचाभर पूड वाटीत पडून बाकीची उद्यासाठी मुडपून ठेवली जाते, हे डोळ्यांना दिसते.

अनेकांना एकत्र बसवून घेतलेल्या गटचर्चेचा मोह संस्थांना फार असतो, कारण एका बैठकीत दहा माणसे ‘पूर्ण’ होतात. गटात जे कळते ते गावाची रीत काय आहे हे. एखाद्या घरात प्रत्यक्ष काय घडले, विशेषतः जे लाजेचे वा दुःखाचे आहे, ते गटात कळत नाही. सहा ते दहा माणसांचा, साधारण एकाच वयाचा व दर्जाचा गट असावा. सासवांचा निराळा, सुनांचा निराळा. एकाने बोलते करावे, दुसऱ्याने लिहावे. आणि सरपंचांनी कितीही आस्थेने चौकशी केली तरी त्यांना त्या वेळी चहाच्या व्यवस्थेत गुंतवून ठेवणे श्रेयस्कर.

किती माणसे पुरेत?

दहा-पंधरा माणसांच्या बोलण्यावर विसंबावे काय, ही शंका अधिकारीवर्गाकडून नेहमी येते. ती रास्त आहे. घाना आणि नायजेरिया या देशांतील साठ स्त्रियांच्या मुलाखतींची छाननी करून संशोधकांनी २००६ साली असे दाखविले, की त्यांतील बहुतेक महत्त्वाचे विषय पहिल्या बारा मुलाखतींतच येऊन गेले होते. बारा हा काही मंत्राक्षराचा आकडा नव्हे. एकाच प्रकारच्या माणसांना एकाच विषयावर विचारले असता तो लागू पडतो. वाडीतील, पाड्यावरील, ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांतील अशी निराळी माणसे असतील तर प्रत्येकाचे निराळे ऐकावे लागेल. नवी मुलाखत नवे काही सांगेनाशी झाली, की थांबण्याची वेळ आली असे समजावे. मात्र या माहितीवरून ‘शंभरातील सत्तर माता असे मानतात’ असे विधान करता येणार नाही. ते काम पुन्हा मोजणीचे.

न जुळणाऱ्या एका माणसाचेही मोल मोठे असते. लंडनमध्ये १८५४ साली पटकीची साथ आली तेव्हा डॉ. जॉन स्नो यांना ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या पाण्याचा संशय होता. परंतु मैलोगणती दूर हॅम्पस्टेड येथे राहणारी एक विधवा त्याच आजाराने मेली होती. नकाशावर तिचे घर कोठेच बसत नव्हते. स्नो यांनी तिच्या मुलाकडे चौकशी केली, तेव्हा कळले की पूर्वी ती ब्रॉड स्ट्रीटच्या भागात राहत असे, तेथील पाण्याची चव तिला आवडे आणि म्हणून गाडीवानाकरवी त्या पंपाचे पाणी ती रोज मागवीत असे. ज्या उदाहरणाने सिद्धान्त मोडावयाचा, त्यानेच तो पक्का केला. त्याच वस्तीतील धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड प्रथम स्नो यांचे म्हणणे खोडून काढण्यासाठीच घरोघर बोलत हिंडले. लोक त्यांना ओळखत होते आणि त्यांच्याशी बोलत होते. पंपाशेजारच्या घरात एक तान्हे मूल साथीपूर्वी जुलाबांनी आजारी होते आणि त्याचे कपडे धुतलेले पाणी तेथील शोषखड्ड्यात टाकले जात होते, हे त्यांच्या चौकशीतून उघडकीस आले.

मृत्यूनंतरची चौकशी

गुणात्मक माहितीचा सर्वांत कठीण धडा मृत्यू झालेल्या घरात गिरवावा लागतो. बाळंतपणात स्त्री दगावली असता तिच्या घरी जाऊन घटनाक्रम जाणून घेण्याची, म्हणजे मातामृत्यू अन्वेषणाची पद्धत आपल्या देशात २०१० पासून मार्गदर्शक सूचनांनुसार अमलात आली. सेरीन थॅडियस व डेबोरा मेन यांनी १९९४ साली मांडलेल्या ‘तीन विलंबां’च्या आराखड्याचा अशा चौकशीस मोठा आधार होतो. दवाखान्यात न्यावयाचे असे ठरण्यास झालेला विलंब, तेथे पोचण्यास झालेला विलंब आणि पोचल्यावर उपचार मिळण्यास झालेला विलंब. नमुन्यातील ‘मृत्यूचे कारण : रक्तस्राव’ हा शब्द या तिन्हींपैकी काहीच सांगत नाही.

अशा घरात पहिला प्रश्न आजाराचा नसावा. ती कशी होती, माहेर कोठले, किती शिकली होती, येथून बोलणे सुरू होऊ द्यावे. घड्याळातील वेळ कोणासही आठवत नाही, परंतु ‘गुरं घरी आली तेव्हा’, ‘शेवटची एस.टी. गेल्यावर’, ‘कोंबडं आरवायच्या आधी’ या खुणांवरून तासांचा हिशेब बांधता येतो. पती, सासू, सुईण, वाहनचालक आणि आशा स्वयंसेविका यांचे निवेदन वेगवेगळे ऐकावे. ते एकमेकांशी जुळणार नाही आणि जेथे जुळत नाही तेथेच बहुधा विलंबाची जागा सापडते. ही चौकशी कोणाला दोषी ठरविण्यासाठी नाही, असे सूचनांत लिहिलेले असते. घरच्यांचा आणि खालच्या कर्मचाऱ्यांचा त्यावर विश्वास बसेल असे वर्तन मात्र चौकशी करणाऱ्यालाच करावे लागते. एकदा का एखाद्या परिचारिकेला घरच्यांच्या निवेदनावरून नोटीस गेली, की त्या तालुक्यातील पुढील सर्व निवेदने सारखीच आणि निर्दोष येऊ लागतील.

गडचिरोलीचा अनुभव

महाराष्ट्रातील या क्षेत्रातील ठळक उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी तेथील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. हा आकडा जगभर गाजला. परंतु इतक्या स्त्रिया वर्षानुवर्षे गप्प का होत्या, हे आकड्यात नव्हते. पुढे पांढरे जाण्याविषयी त्या काय मानतात, याचा स्वतंत्र अभ्यास बंग दांपत्याने केला तो स्त्रियांच्याच शब्दांच्या आधारे.

याच दांपत्याने आरंभी आदिवासींमधील सिकलसेल या रक्तदोषाचा शोध हाती घेतला होता. शास्त्रीय दृष्ट्या विषय महत्त्वाचा होता, पण लोकांना त्यात रस वाटला नाही. त्यांच्या गरजा निराळ्या होत्या. ते त्यांनी सांगितले आणि डॉक्टरांनी ते ऐकले, ही नोंद घेण्याजोगी बाब होय. नंतर दवाखाना उभारण्याची वेळ आली तेव्हा गोंड गावकऱ्यांनाच विचारण्यात आले, की रुग्णालयात जाण्यास तुम्ही का भिता? उत्तरे आली ती कोणत्याही छापील प्रश्नावलीच्या पर्यायांत बसली नसती. इमारत फार मोठी असते, तेथे माणूस हरवून जातो. डॉक्टर आणि परिचारिका पांढरे कपडे घालतात, आम्ही पांढऱ्या कपड्यात प्रेत गुंडाळतो. आजाऱ्याजवळ घरच्यांना राहू देत नाहीत. आणि तेथे आमचा देव नसतो.

त्या उत्तरांबरहुकूम शोधग्रामचा दवाखाना बांधला गेला. एका मोठ्या इमारतीऐवजी खेड्यासारख्या झोपड्या आहेत, रुग्णासोबत त्याच्या माणसांना राहता येते आणि दवाखान्याला दंतेश्वरी देवीचे नाव आहे. याच गडचिरोलीत गावच्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिक्षण देऊन घरीच नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग झाला आणि त्यामुळे नवजात बालमृत्यूंत ६२ टक्के घट झाल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. केंद्र शासनाने २०११ पासून आशा स्वयंसेविकांमार्फत ही पद्धत देशभर स्वीकारली.

बांगलादेशातील शोधही शब्दांपाशी थांबला नव्हता. पुरुषांना वगळून केवळ बायकांना शिकविले जात असल्याने घरातील कर्ते पुरुष या पाण्याकडे संशयाने पाहत, असे ध्यानी आले. तेव्हा बाजारात, मशिदीत आणि शाळांत सभा घेण्यात आल्या. अखेरीस प्रश्न कार्यकर्त्यांनाच विचारला गेला, की तुम्हाला स्वतःला जुलाब झाले तेव्हा तुम्ही हे पाणी घेतले काय? फारच थोड्यांनी हात वर केले. बाकीच्यांनी गोळ्या घेतल्या होत्या. जे शिकवीत होते त्यावर त्यांचाच विश्वास नव्हता आणि मातांनी तो अविश्वास त्यांच्या चेहऱ्यावर वाचला होता. त्यांना प्रयोगशाळेच्या रुग्णालयात नेऊन हे पाणी कसे काम करते ते दाखविण्यात आले. त्यानंतरच्या फेऱ्यांत प्रत्येक घरी द्रावण तयार झाल्यावर त्याचा पहिला घोट आईसमोर कार्यकर्ती स्वतः घेऊ लागली. १९९० पर्यंत ही मोहीम एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांत पोचली. हगवणीसाठी तोंडावाटे द्रावणाचा सर्वाधिक वापर होणाऱ्या देशांत आज बांगलादेशाची गणना होते.